शब्द कमलताईंचा, मोडला मी

बातमी व्हॉट्सअॅपवर आली. आमच्या जुन्या सहकाऱ्यांचा एक ग्रुप आहे, एरवी त्यात वाढदिवसाचे केक आणि सकाळचे सुविचार येत असतात. त्या दिवशी कमलताई दिघ्यांचा फोटो आला. पांढरी साडी, चष्मा कपाळावर सरकवलेला, कुणाच्या तरी निरोप समारंभात काढलेला असावा. त्यांचा स्वतःचा निरोप समारंभ झालाच नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. खाली दोन ओळी होत्या. पहाटे झोपेतच गेल्या, वय अडुसष्ट. माझ्या आधी बाराजणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं, मीही टाकलं. मग ‘फार प्रेमळ आणि’ असं टाइप केलं, आणि पुढे ‘प्रामाणिक’ हा शब्द आला तसा अंगठा थांबला. शब्द त्यांच्यासाठी अगदी योग्य होता. फक्त तो लिहायचा हक्क त्या ग्रुपात एका माणसाला नव्हता... मी ओळ पुसली, फोन खिशात टाकला आणि विद्यार्थ्यांच्या मीटिंगला जाऊन बसलो. अंत्यदर्शनाला गेलो नाही. त्यांचं राजेंद्र नगरचं घर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे, आणि कमलताईंबद्दल चार काय, चाळीस लिहिता येतील. पण ते लिहून मी पुन्हा तेच करीन, जे अकरा वर्षं करत आलो. म्हणून आधीच सांगून टाकतो. कमलताईंवर एक ठपका ठेवला गेला होता, तो माझा होता. मी गप्प बसलो म्हणून तो त्यांच्या नावावर चढला आणि त्या गेल्या तेव्हाही तिथेच होता.

आमचं काम काय होतं ते थोडं सांगायला हवं. बाळ पोटात असताना पाण्याच्या ज्या पिशवीत असतं, तिचा आतला पापुद्रा, नाळ जिला जोडलेली असते त्या वारेवरही पसरलेला असतो. कांद्याच्या सालीखालच्या पडद्याहून पातळ, काचेसारखा आरपार दिसणारा. आम्ही इंदूरचे लोक त्याला झिल्लीच म्हणतो. जन्मानंतर वारेबरोबर हा पापुद्राही टाकून दिला जातो, पण तो फार गुणाचा आहे. परक्या शरीराला तो सहसा खुपत नाही आणि त्यावर नव्या पेशी छान धरतात. मी त्यापासून रक्तवाहिनी करायच्या मागे होतो. जाड रक्तवाहिन्यांना कृत्रिम पर्याय आहेत, पण बारीक वाहिनीत कृत्रिम नळी घातली की रक्त गोठून ती तुंबते. म्हणून हृदयाच्या बायपासला डॉक्टर रोग्याच्याच पायाची शीर काढून घेतात. ज्याच्या पायात धड शीरच उरली नाही, त्याने काय करायचं? झिल्ली धुऊन, तिच्यातल्या आईच्या-बाळाच्या पेशी काढून टाकून, बारीक सळईवर तिचे वेढ्यावर वेढे घेतले तर त्याची नळी होते. ती टिकवायची, गोठवून साठवायची, लागेल तेव्हा काढायची. ऐकायला सोपं आहे. झिल्ली मिळवण्यापासून साठवण्यापर्यंतचं प्रत्येक पाऊल हाताचं काम आहे, आणि तो हात माझा नव्हता.

कमलताई शेजारच्या प्रसूती रुग्णालयात सिस्टर होत्या, आमच्या प्रयोगशाळेकडे त्यांना अर्ध्या दिवसासाठी दिलं होतं. मी तेव्हा अडतीस वर्षांचा, परदेशातून शिकून आलेला, आणि मला वाटे की मला सगळं येतं. पहिल्याच आठवड्यात मी तीन झिल्ल्या फाडल्या. त्यांनी चौथी माझ्या हातातून काढून घेतली. झिल्लीला खालून एक दुसरा जाड पापुद्रा चिकटलेला असतो, तो सोडवायचा असतो, आणि त्यासाठी चिमटा नाही, बोटं लागतात. त्या मिठाच्या पाण्यात हात बुडवून, पाण्याच्याच जोरावर दोन पापुद्रे असे वेगळे करत की बघत राहावं. म्हणाल्या, “सर, तुम्ही तर पापड मोडून राहिले. तिला ओढायचं नाही, तिला सुटू द्यायचं.” मग ती कागदावर पसरताना कुठली बाजू वर आली ते ओळखण्यासाठी कोरड्या कापसाची काडी कोपऱ्याला टेकवायच्या. एक बाजू गुळगुळीत सुटते, दुसरीचा बारीक तंतू काडीला लागून येतो. नळीच्या आत कुठली बाजू जाणार हे त्यावर ठरतं. ही परीक्षा पुस्तकात आहेच, पण डोळे मिटून, निव्वळ बोटाला लागणाऱ्या ओढीवरून ती सांगणारी दुसरी व्यक्ती मी आजवर पाहिली नाही.

त्या एवढ्या जीव लावून हे काम का करत ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांचे यजमान जिल्हा कचेरीत कारकून होते, साखरेचे जुने रोगी. पायाकडचं रक्त कमी झालं, शस्त्रक्रियेला लावायला चांगली शीर सापडेना, आणि एकेक करून उजव्या पायाची तीन बोटं गेली. रोज सकाळी त्यांचं ड्रेसिंग करून, डबा भरून कमलताई येत. याबद्दल कधी रडगाणं नाही. फक्त आठवड्यातून एकदा, सगळं आवरून निघताना दारात उभं राहून विचारत, “नळी झाली का सर?” मी म्हणे, होईल. त्या म्हणत, “होऊ द्या आरामात, आमच्यावाल्यांचे अजून सात बोटं आहेत.” आणि स्वतःच हसत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. झिल्ली मिळते ती आईने हो म्हटलं तर. ठरलेलं सिझेरियन असलेल्या बायकांना आदल्या दिवशी विचारायचं, रक्त तपासायचं, फॉर्मवर सही घ्यायची. सुरुवातीला हे काम मी एका तरुण डॉक्टरकडे दिलं होतं. तो खाटेपाशी उभ्या उभ्या फॉर्म वाचून दाखवी आणि दहातल्या आठजणी नाही म्हणत. मग कमलताई जाऊ लागल्या. त्या खाटेवर बसत. आधी उशी नीट करत, मग बोलत, समोरचीच्या बोलीत, कधी हिंदी, कधी माळवी. परत येऊन मला म्हणाल्या, “सर, यांना झिल्लीचं काही नाही. यांना वारेचं आहे.”

माळव्यातल्या कितीतरी घरांत वार पुरतात. अंगणात, शेताच्या बांधाशी, हळद-मीठ घालून, वर दगड ठेवून. बाळाच्या वारेला कुत्र्या-मांजराने तोंड लावू नये, ती उघड्यावर पडू नये, असं असतं. मराठी घरांतही ही चाल होती, आता आपण विसरलो. दवाखान्यात वार पिवळ्या पिशवीत जाते आणि तिथून भट्टीत. घरच्यांनी अर्ज केला तर मिळायची तेव्हा सोय होती, पण हे कोण सांगतं? कमलताईंचं म्हणणं असं की आपल्याला फक्त वरची झिल्ली हवी. ती काढल्यावर उरलेली वार आपण डब्यात घालून, चिठ्ठी लावून, फ्रीजरच्या खालच्या खणात ठेवू. घरचे घेऊन जातील. एवढा शब्द आपण दिला तर बायका नाही म्हणणार नाहीत.

मी लगेच हो म्हटलं. त्यांनी विचारलं, हे फॉर्मात लिहायचं का? मला आठवतं, मी खुर्ची वळवून संगणकाकडे बघतच म्हणालो की लिहिलं तर नैतिक समितीकडे पुन्हा जावं लागेल, चार महिने जातील, तुम्ही तोंडी सांगा, मी आहे ना. ‘मी आहे ना.’ या तीन शब्दांवर त्यांनी पुढची सहा वर्षं शब्द दिला. आणि तो पाळला. कुणी तिसऱ्या दिवशी येई, कुणी बाराव्या दिवशी बारशाच्या गडबडीतून. कमलताई डबा काढून, वरची चिठ्ठी दोनदा वाचून, दोन्ही हातांनी देत. आमच्याकडे झिल्ल्या येऊ लागल्या. मी पेपर लिहू लागलो. मला लोक ‘झिल्लीवाले डॉक्टर’ म्हणू लागले आणि मला ते आवडत होतं.

मग एकदा वरून तपासणीचं पथक येणार म्हणून पत्र आलं. आमच्या साठवणीला मान्यता मिळायची होती, माझ्या आयुष्यातली तेव्हाची सगळ्यात मोठी गोष्ट. आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः सगळे खण तपासत होतो. खालचा खण उघडला तर चार डबे. वर कमलताईंच्या अक्षरात खाटेचा क्रमांक आणि तारीख. कुठल्याही यादीत नसलेली, कुठल्याही कागदावर परवानगी नसलेली मानवी ऊती, मान्यतेच्या फ्रीजरमध्ये. कमलताई त्या दिवशी रजेवर होत्या, यजमानांचं चौथं बोट काढायचं होतं. मी फोन करू शकलो असतो. ते डबे दोन दिवसांसाठी रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये ठेवू शकलो असतो. दहा मिनिटांचं काम होतं. पण तिथे कारण सांगावं लागलं असतं, कुणीतरी विचारलं असतं... मी हातमोजे घातले आणि चारही डबे पिवळ्या पिशवीत रिकामे केले. डबे धुऊन उलटे ठेवले. चिठ्ठ्याही काढून टाकल्या. कुणाला सांगितलं नाही. अजूनही मला त्यातलं सगळ्यात वाईट हेच वाटतं, की मी एकदाही थांबलो नाही. मी ते काम व्यवस्थित केलं.

पथक आलं, खूश होऊन गेलं. मी कमलताईंना सांगायचं उद्यावर टाकलं. त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन झालं होतं, त्या थकलेल्या होत्या, आज कशाला, असं मीच मला समजावलं. तिसऱ्या दिवशी सांवेरकडच्या गावाहून एक आजी आली, बरोबर तिचा मुलगा. सून अजून खाटेवर होती आणि नातू कमी वजनाचा म्हणून काचेच्या पेटीत. आजीच्या हातात फडक्यात बांधलेलं मातीचं मडकं होतं. ती म्हणत होती की वार मातीत गेली की पोर बाळसं धरेल. कमलताई तिला घेऊन आत आल्या, “चलो बाई, तुम्हारी अमानत संभाल के रखी है,” असं म्हणत. खाली बसून त्यांनी खण उघडला. मग वरचा उघडला. मग पुन्हा खालचा. धुतलेले डबे रॅकवर उलटे होते, ते त्यांना दिसले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सूक्ष्मदर्शकापाशी उभा होतो, पाच-सहा फुटांवर. त्या बघत राहिल्या, मी बोलावं म्हणून वाट बघत... मी भिंगाला डोळा लावला.

आजीने आरडाओरडा केला नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मडकं फडक्यात परत बांधलं आणि कमलताईंना एवढंच म्हणाली, “म्हने तो थारा भरोसा पे दी थी, बेण.” मी तर तुझ्याच भरवशावर दिली होती. कमलताई तिचे हात धरून म्हणत राहिल्या, चूक झाली, माझी चूक झाली. मुलाने मात्र तक्रार केली, आणि त्याचं काहीच चुकलं नाही.

चौकशी झाली. तीन जणांची समिती, लांब टेबल, चहाचे कप. कमलताईंना आधी आत बोलावलं, मला नंतर. त्यांनी आत काय सांगितलं मला माहीत नव्हतं, आणि आत जाताना मला तीच एक भीती होती. अध्यक्षांनी विचारलं, असं तोंडी आश्वासन दिलं जातं याची आपल्याला कल्पना होती का? त्यांनी प्रश्न असा विचारला होता की त्यात ‘नाही’ची जागा तयारच होती. मी म्हणालो, “नाही.” मग त्यांनी विचारलं, डबे कुणी काढले असतील? मी म्हणालो, सफाईत गेले असतील, कमलताई रजेवर होत्या, त्यांनी कुणाला सांगून ठेवायला हवं होतं. हे दुसरं वाक्य मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं.

निकाल लागला. विनापरवानगी आश्वासन, निष्काळजीपणा. कमलताईंची प्रयोगशाळेतून बदली झाली, रुग्णालयाच्या तळघरात, जिथे अवजारं निर्जंतुक करतात तिथे. वाफ, पत्र्याचे ड्रम, एक खिडकी. तीस वर्षं बायकांच्या उशाशी बसलेल्या बाईला तिथे माणूस दिसत नव्हता. शेवटची तीन वर्षं त्यांनी तिथे काढली आणि एका तारखेला निवृत्त झाल्या, हार नाही की भाषण नाही. जायच्या दिवशी त्या वर प्रयोगशाळेत येऊन गेल्या म्हणे. मी मुद्दाम बाहेर गेलो होतो.

आणि ती बातमी वॉर्डात पसरली होतीच. एका आईकडून दुसऱ्या आईकडे ती किती वेगाने जाते ते मी तेव्हा पाहिलं. त्या वर्षी बायका झिल्ली द्यायला तयार होईनात. मी मीटिंगमध्ये त्याला जनजागृतीचा अभाव म्हटलं. माझ्या अहवालात तसं छापलेलं आहे.

त्यानंतर आमची समोरासमोर भेट एकदाच झाली, पाचेक वर्षांपूर्वी, पलासियाच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. माझ्या डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धूसर, आणि शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, “सर, ओळखलं की नाही?” मी गडबडून उभाच राहिलो. त्यांनी हात धरून खाली बसवलं. यजमान गेल्याचं सांगितलं. मुलीचं, नातवाचं. मग त्यांचा तो जुना प्रश्न. मी म्हणालो, मेंढीत टिकते आहे, काही महिने टिकते, माणसापर्यंत यायला अजून खूप वेळ आहे. त्या मनापासून खूश झाल्या. “म्हणजे रक्त वाहून राहिलं आतून? तुंबलं नाही?” मी म्हणालो, नाही तुंबलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा थाप मारली. थेंब घातलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मला लाज लपवायला तेवढी सोय होती. बोलायला पंधरा मिनिटं होती. दवाखान्यात गर्दी नव्हती. मग त्यांचं नाव पुकारलं आणि त्या आत गेल्या, आणि मी माझी तपासणी न करताच तिथून निघून आलो.

कमलताई गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा, रश्मीचा फोन आला. ती इथेच शाळेत शिकवते. म्हणाली, आईची एक वही सापडली आहे, तुमच्या कामाची दिसते, येऊन घेऊन जा. आवाजात काहीच कळत नव्हतं. मी गेलो. तिने पाणी दिलं, समोर बसली. टेबलावर दोनशे पानी वही, खाकी कव्हर, आणि एक पान उघडून त्यावर चष्म्याची डबी ठेवलेली.

ती सरकारी नोंदवही नव्हती, कमलताईंची खाजगी. कुणाचं नाव नाही, तारीख आणि खाटेचा क्रमांक. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या नोंदी तर होत्याच, पण ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याही होत्या. संस्थेत आम्ही नकार कधीच लिहून ठेवले नव्हते, कशाला ठेवायचे? त्यांनी सगळे ठेवले होते. ‘खाट ३. नाही. नवऱ्याला विचारते म्हणाली, नवरा आला नाही.’ ‘खाट ९. नाही. घाबरली आहे, पुन्हा विचारायचं नाही.’ ‘खाट २. नाही. कारण विचारलं नाही.’ आणि उघडून ठेवलेल्या पानावर त्या सांवेरच्या सुनेची नोंद. ‘खाट ११. हो म्हणाली. सासूला नीट समजावलं. उरलेली परत द्यायची. सरांना पुन्हा विचारलं, हो म्हणाले.’

रश्मीने विचारलं, “काका, हे सर म्हणजे तुम्हीच ना?”

मी हो म्हणालो.

“मग चौकशीत तुम्ही काय सांगितलं होतं?”

अकरा वर्षांत हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. म्हणालो, “मला कल्पना नव्हती असं सांगितलं. आणि ते डबे मीच टाकले होते.”

तिने चष्म्याची डबी उचलून वही मिटली. मग बोलली ते माझ्याकडे न बघता. “आम्ही तिला किती बोललो, मालूम आहे? मीच म्हटलं होतं, तुला कोणी सांगितलं होतं असे वादे करायला. पापा तर जाईपर्यंत तिला टोकत होते. की तू लापरवाही केली आणि नाव आमचं गेलं. ती ऐकून घ्यायची. भाजी चिरत बसायची.”

हे मला माहीत नव्हतं. मी आपला हिशोब एवढाच धरला होता की त्यांची बदली झाली, मान गेला. ज्यांच्या पायाचं ड्रेसिंग करून त्या रोज घरून निघायच्या, तो माणूस त्यांना निष्काळजी समजून गेला, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही.

वही त्यांच्या कपाटात होती, साड्यांखाली. चौकशीच्या दिवशीही होती. हे एक पान त्यांनी टेबलावर ठेवलं असतं तर तळघरात मी गेलो असतो. रश्मी मला विचारत होती की आईने ती का दाखवली नाही. मी म्हणालो, मला माहीत नाही. ती म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्हाला मालूम असेल.”

मला खरंच माहीत नाही. काम बंद पडेल, ती नळी कधीच होणार नाही, म्हणून असेल. की मी स्वतः बोलेन अशी त्या वाट बघत होत्या, त्या दिवशी खणापाशी बसून बघितली तशी... निघताना मी रश्मीला सांगितलं की मी हे सगळं लिहून छापायला देणार आहे, तुझी हरकत असेल तर सांग. ती दारापर्यंत आली. “लिहा. खाट नंबर, डबे, सगळं लिहा. पण आई मोठ्या मनाची होती, तिने माफ केलं असेल, असं काही लिहू नका. ते तुम्हाला नाही मालूम. मलाही नाही.” म्हणून ते मी लिहिलेलं नाही.

संस्थेला मी पत्र दिलं आहे, वहीच्या पानाच्या प्रतीसह. नवे संचालक भले गृहस्थ आहेत, वयाने माझ्यापेक्षा लहान. म्हणाले, सर, त्या समितीतले दोघं आता हयात नाहीत, बाई गेल्या, फाईल जुन्या इमारतीत कुठे असेल देव जाणे, आता कशाला? मी म्हणालो, आवक नोंद करून शिक्का तेवढा द्या. शिक्का मिळाला. फाईल सापडली नाही. म्हणजे त्यांच्या नावावरचा ठपका पुसायलाही आता कागद नाही, तो लोकांच्या बोलण्यात आहे आणि बोलण्यातूनच काढावा लागेल. हा लेख त्यासाठी आहे. राजेंद्र नगरात, रुग्णालयात, जुन्या नर्सेसच्या घरांत ज्यांनी ज्यांनी कमलताईंबद्दल ‘त्या डब्यांचं काहीतरी झालं होतं ना’ असं म्हटलं असेल, त्यांनी कृपया वाचावं. ते मी केलं होतं.

वही घरी आणून मी शेवटपर्यंत वाचली. चौकशीनंतरच्या आठवड्यात, बदलीचा कागद यायच्या आधी, एकच नोंद आहे. ‘खाट ४. विचारलं नाही. काय सांगणार.’ पुढची पानं कोरी आहेत.

ते वाचताना माझ्या लक्षात आलं की सतरा वर्षं या पापुद्र्यावर काम करून मी एकाही आईला स्वतः कधी विचारलेलं नाही. मागच्या आठवड्यात मी परवानगी काढून वॉर्डात गेलो. ड्युटीवरची सिस्टर बरोबर होती. खाट सात, महूकडची मुलगी, तेवीस-चोवीसची, दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन. तिची आई पायाशी बसलेली. खाटेवर बसायचं मला धाडस झालं नाही, मी स्टूल ओढून घेतलं. झिल्ली काय, तिची नळी का करतो, रक्त का तपासतो, सगळं हिंदीत सांगितलं. माझ्या बोलण्यात सारखे इंग्रजी शब्द येत होते, सिस्टर ते सोडवून सांगत होती. मुलगी शांतपणे ऐकत होती. फॉर्म तिच्या मांडीवर होता, पेनही. मग तिने विचारलं, “और बाकी का? वो कहाँ जाएगा?”

मला एवढंच म्हणायचं होतं की बाकीचं आम्ही बघू. ते वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो की आम्हाला दिलीत तर उरलेली वार परत मिळणार नाही, ती जाळली जाते, आता नियम तसा आहे. नाही दिलीत तर घरच्यांना अर्ज करून नेता येते का ते इथे ऑफिसात विचारता येईल, तो हक्क तुमचा आहे, त्याने उपचारात काही फरक पडणार नाही.

तिने आईकडे पाहिलं. आईने नुसती मान हलवली. “तो फिर रहने दो, साहब,” मुलगी म्हणाली आणि पेन मला परत दिलं. सिस्टर तिला समजावायला पुढे झाली, मी तिला थांबवलं.

वर येऊन टेबलाशी बसलो. माझी विद्यार्थिनी बाहेरून विचारत होती, सर, उद्या सकाळी बर्फाचा डबा तयार ठेवू का? मी नको म्हणालो. कमलताईंच्या वहीत पुढे लिहायची माझी लायकी नाही, म्हणून येताना नवी वही आणली होती. पहिल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं: खाट ७. खरं ते सांगितलं. नाही म्हणाली.